आत हवा असते का?

"एमआरआय सांगितलाय, पण त्या बोगद्यात झोपायचं म्हटलं की जीव गुदमरतो. दुसरी एखादी तपासणी नाही का चालणार?"

मिरजेतले डॉक्टर तपासणीची भीती घालवायला माझ्याकडे जे पेशंट पाठवतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचं दुखणं हेच असतं. तोवर घरच्यांचं 'त्यात काय घाबरायचं, लहान पोरंसुद्धा करून घेतात' हे ऐकवून झालेलं असतं. या वाक्यानं कुणाची भीती गेलेली मी अजून पाहिलेली नाही. उलट भीतीच्या जोडीला लाज येते आणि माणूस बोलायचाच थांबतो. मी आधी एवढंच शोधते, की नेमकं भ्यायला कशाला होतंय. आवाजाला, रिपोर्टात काय निघेल त्याला, की अडकून पडण्याला? प्रत्येकाला द्यायचं उत्तर वेगळं असतं.

तात्यांचंच सांगते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) साठीला टेकलेले, सगळी उमर हमालीत गेलेली. कंबरेतून डाव्या पायात कळ जायची, पायाचा अंगठा वर उचलेना, चालताना चप्पल निसटली तरी पत्ता लागायचा नाही. एक्स-रे काढून झाला होता, पण त्यात हाडं दिसतात. दोन मणक्यांमधली गादी आणि तिच्यामुळे दबलेली नस दिसत नाही. पायातली ताकद कमी होत चाललीय म्हटल्यावर सर्जनना कुठली नस, किती दबलीय, हे बघायचंच होतं. तात्या टेबलावर आडवे झाले, टेबल आत सरकलं, आणि मिनिटभरात, टेक्निशियनला बोलवायला हातात दिलेला रबरी फुगा दाबून ते बाहेर. पुढच्या खेपेला तर टेबलावर चढलेच नाहीत.

"म्याडम, आत हवाच न्हाई," ते म्हणाले.

"असते हो तात्या, किती वेळा सांगायचं!" मुलगा वैतागला. त्याला मी चहाला पिटाळलं.

मग तात्या हरिपूरच्या पेवांबद्दल बोलायला लागले. सांगलीजवळच्या या गावात जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवायचे. तोंड अरुंद, खाली पोट मोठं. २००५च्या महापुरानं त्यांतली बरीच बुडवली, पण तात्यांच्या तरुणपणी पेव उघडायचं काम रोजचं होतं. तोंड उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणूसही विझणार. एकदा घाई झाली. त्यांचा जोडीदार उतरला आणि आतून आवाज यायचा बंद झाला. दोर लावून वर काढला तेव्हा त्याची मान लुळी पडली होती. तो वाचला, पण तात्यांनी पुन्हा पेवात पाय ठेवला नाही.

आता मला सांगा, अशा माणसाला अरुंद तोंडाच्या पोकळीत निजवलं तर त्यानं दुसरं काय करायचं? त्यांची भीती अडाणी नव्हती. आयुष्यभर उपयोगी पडलेली अक्कल होती ती, फक्त चुकीच्या जागी जागी झाली होती. तिला 'उगाच घाबरू नका' म्हणून भागणार नव्हतं, पुरावा दाखवायला हवा होता.

सेंटरच्या टेक्निशियनशी बोलून, दोन पेशंटच्या मधल्या वेळात तात्यांना नुसतं मशीन बघायला नेलं. आत जाण्याआधी खिसे रिकामे करायचे, आणि तिथेच नवा घोळ. तात्यांच्या मधल्या बोटात घोड्याच्या नालेची अंगठी, शनीसाठी घातलेली. "ही काढत न्हाई मी." टेक्निशियन म्हणाला, सोनं-चांदी चुंबक ओढत नाही, तरी आम्ही मंगळसूत्र, जोडवीसुद्धा काढायला लावतो; तुमचं तर शुद्ध लोखंड आहे. मी देवाधर्माच्या वादात पडले नाही. अंगठी घरच्या देवापुढे ठेवायची आणि घरी गेल्यावर पुन्हा घालायची, यावर तडजोड झाली. साबण लावून, बोट लालेलाल होईपर्यंत ओढून ती निघाली.

हा हट्ट टेक्निशियनचा नव्हे, मशीनचा. १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाचा जोर मोजायचं एकक) यंत्रातलं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण तीस हजार पट असतं, आणि तपासणी चालू नसली तरी ते चालूच असतं. २०१८च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेला गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. म्हणून फॉर्म भरताना पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं यंत्र, जुनी ऑपरेशनं, सगळं खरं लिहायचं. फाउंड्रीत किंवा ग्राइंडिंगवर काम केलेल्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हेही सांगायचं.

मशीनपाशी तात्यांनी खिशातून उरलेला एकुलता सुती रुमाल काढला आणि बोगद्याच्या तोंडाशी धरला. पंख्याच्या वाऱ्यानं रुमाल हलला. पलीकडे जाऊन वाकून पाहिलं, तर तिकडचं तोंडही उघडं. ते काही बोलले नाहीत. जरा वेळानं विचारलं, "आन् लाइट गेली तर?"

हा प्रश्न मला फार आवडला, कारण आपल्याकडे लाइट जातेच. टेक्निशियननं टेबल हातानं बाहेर ओढता येतं हे दाखवलं. दोन्ही तोंडं उघडी, त्यामुळे पंखा थांबला म्हणून हवा संपत नाही. चुंबकाची गंमत वेगळीच. त्याची वेटोळी द्रवरूप हेलियममुळे उणे २६९ अंशांना थंड ठेवलेली असतात. तेवढ्या थंडीत तारेत वीज न अडखळता फिरत राहते, म्हणून बाहेरची लाइट गेली तरी तो चुंबक उतरत नाही.

मुलाचा प्रश्न दुसराच होता, रेडिएशनचा. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. ते एक्स-रेत आणि सीटी स्कॅनमध्ये असतात. इथं आपल्याच अंगातलं पाणी कामाला येतं. पाण्यात हायड्रोजन आहे आणि त्याचं केंद्रक म्हणजे एक इवलासा चुंबक. मोठ्या चुंबकात ही केंद्रकं त्याच्या दिशेनं थोडीफार रांगेत येतात. मग त्यांना रेडिओ लहरी दिल्या जातात, १.५ टेस्लाच्या यंत्रात ६४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे एफएमच्या पट्ट्याच्या जरा खालच्या. केंद्रकं कलतात, लहरी थांबल्या की पूर्वपदावर येतात, आणि येता येता क्षीण संदेश सोडतात. चरबी, पाणी, नस प्रत्येक जण आपापल्या वेगानं परततो. या फरकातून संगणक चित्र काढतो. मणक्याची चांगली गादी पाणी धरून असते, म्हणून एका प्रकारच्या चित्रात ती उजळ दिसते, वाळलेली गादी काळी. म्हणूनच मेंदू, गुडघ्याचे लिगामेंट, मणका यांच्यासाठी डॉक्टर हीच तपासणी मागतात. 'एमआरआय सांगितला म्हणजे नक्की कॅन्सर' हा जो एक समज आहे, त्याला काही आधार नाही.

आवाजाचं तात्यांना आधीच सांगून ठेवलं. आतल्या काही वेटोळ्यांतली वीज भराभर बदलते, मोठ्या चुंबकात त्यांना धक्के बसतात आणि ती थरथरतात. लाउडस्पीकरचा पडदा हलतो तो याच तत्त्वावर. ठोके पडले म्हणजे मशीन बिघडलेलं नाही, चित्र निघतंय. कानात बोळे किंवा हेडफोन मात्र मागून घ्यायचे.

मग घरी सराव. पलंगाखाली आडवं व्हायचं, डोळ्यांवर कापड, मुलाच्या मोबाइलवर एमआरआयचा आवाज, सून शेजारी बसलेली. पहिल्यांदा दोन मिनिटं, मग वाढवत न्यायचं. श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष, हळूहळू, तोंडानं. तात्यांनी आपणहून त्यात एक भर घातली. श्वास मोजण्याऐवजी ते पोती मोजायचे, एका श्वासाला एक पोतं गाडीवर चढवायचं. मला हे सुचलं नसतं.

तपासणीच्या दिवशी टेक्निशियननं त्यांना पायाकडून आत घेतलं. कंबरेच्या एमआरआयला बऱ्याचदा हे जमतं, आणि मग डोकं बोगद्याच्या तोंडाजवळ राहतं. कापड डोळ्यांवर टेबल सरकण्याआधीच टाकलं, आत गेल्यावर नाही. आतलं छत एकदा दिसलं की पुढचं अवघड होतं. हातात फुगा होताच, चित्रांच्या दर सीरिजनंतर माइकवरून टेक्निशियनचा आवाजही येत होता. वीसेक मिनिटांत काम उरकलं. कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकून नस दाबत होती. पुढचं सर्जन आणि तात्यांनी मिळून ठरवलं, त्यात माझं काही काम नव्हतं.

सगळ्यांनाच सरावानं जमतं असं नाही. काहींना डॉक्टर आधी सौम्य गोळी देतात. ती त्यांनी लिहून दिली तरच घ्यायची, शेजारणीकडची नको, आणि त्या दिवशी गाडी स्वतः चालवायची नाही. लहान मुलांना आणि अगदीच न झेपणाऱ्यांना भूल देऊनही करतात. बोगद्याची रुंदी जुन्या यंत्रांत साधारण ६० सेंटीमीटर असते, नव्या रुंद यंत्रांत ७०. दहा सेंटीमीटर ऐकायला कमी वाटतात, पण खांद्याला फरक कळतो. अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारा: यंत्र किती रुंद आहे, पायाकडून आत घेता येईल का, घरचं माणूस खोलीत बसू शकेल का. काउंटरवरच्या माणसाला माहीत नसेल, तर फोन टेक्निशियनला द्यायला सांगा.