ट्रॉफीचं नंतर बघ

पोरी,

तुझा महोत्सवाचा आराखडा वाचला. पानंच्या पानं पाहुणे, ट्रॉफी आणि प्रायोजकांवर. सिनेमे बघायला कोण येणार, यावर एक ओळ. छोट्या भाषांतले, कुठेच न लागणारे सिनेमे दाखवायची तुझी तळमळ मला कळते. म्हणून तर चिडलोय.

बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू, तिथला आफ्रिकी सिनेमांचा महोत्सव फेस्पाको कसा उभा राहिला ते बघ. फ्रेंच अमलात 1934 च्या लाव्हाल आदेशानं आफ्रिकी माणसाला आपल्याच मुलखात परवानगीशिवाय चित्रीकरण करता येत नसे. स्वातंत्र्य आलं, तरी थिएटरांवर पकड कोमासिको आणि सेक्मा या दोन परक्या कंपन्यांची. आफ्रिकेत बनलेला सिनेमा आफ्रिकेतच लागायची मारामार! 1969 मध्ये तिथल्या सिनेवेड्यांनी आफ्रिकी सिनेमांचा सप्ताह भरवला. बुर्किना फासोचं नाव तेव्हा अप्पर व्होल्टा. समितीच्या अध्यक्ष होत्या आलिमाता सालांबेरे, एक बाई, हेही ध्यानात ठेव. स्पर्धा नाही, बक्षीस नाही. 1970 मध्ये सरकारनं थिएटरंच ताब्यात घेतली. येनेंगा राजकन्येच्या घोड्याची ट्रॉफी आली 1972 मध्ये, तिसऱ्या खेपेला. आधी प्रेक्षक, मग पडदा, मग ट्रॉफी. तू नेमकं उलट्या टोकानं सुरू केलंयस.

तुझ्यामागे सरकार नाही, म्हणशील. कबूल. मग तर प्रेक्षकाशिवाय तुझं आहेच कोण?

आमच्या फिल्म सोसायटीत मी दीपप्रज्वलन आणि भाषणं बंद केली. वेळेवर दिवे घालवायचे, सिनेमा सुरू. एका पुढाऱ्याला ते झोंबलं आणि हॉल गेला. जुने सोबती अजून ऐकवतात, थोडं नमतं घेतलं असतंस तर सोसायटी जगली असती. असती कदाचित. हॉल गेल्याचं दुःख मलाही आहे. पण पुढच्या दोन रांगा पाहुण्यांसाठी रिकाम्या आणि कॉलेजची पोरं मागे भिंतीला टेकून उभी, असला खेळ मी आजही लावणार नाही. हट्टी म्हण हवं तर.

आता कामाचं. शेवटची एसटी किती वाजता सुटते ते विचारून खेळाची वेळ ठरव. पास वाटू नकोस. तिकीट स्वस्त ठेव, पण सगळ्यांना ठेव, माझ्यासकट. आणि ज्यांना भरभर वाचता येत नाही त्यांच्यासाठी सबटायटल्सचं काय करणार, ते आधी कळव. उद्घाटकाचं नाव कळवायची घाई नाही.