वाचकांचे प्रश्न : वर्गातलं पत्रक बांधावर जातं तेव्हा

प्रश्न : चोपड्यात दुसऱ्या वर्षाला संवादकौशल्य शिकवते. अर्जलेखन, जाहिरातलेखन मुलं गाईडातून उतरवतात. यंदा ६० मुलांकडून केळी पीकविम्याचं खरं पत्रक करून घेऊन शेतकऱ्यांना वाटायचं आहे. आखणी कशी करू?

उत्तर : विषय चांगला आहे, पण इथे चूक झाली तर मुलाचे दोन गुण जातील आणि शेतकऱ्याची भरपाई. म्हणून आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या की छपाईपूर्वी मजकूर तपासून सही कोण करणार. सही नाही, तर छपाई नाही. चौघांचे पंधरा गट कार्यालयात धाडू नका. सगळ्यांच्या शंका एका कागदावर घेऊन दोघांनाच पाठवा.

केळीचा विमा ज्या हंगामात मोडतो त्या आंबिया बहाराच्या नोंदणीची मुदत साधारण ऑक्टोबरअखेर असते, तेव्हा जुलैत सुरुवात करून सप्टेंबरात काम संपवा. तारखा आणि हप्ता चालू वर्षाच्या शासन निर्णयातूनच घ्या. मागचं पत्रक समोर ठेवलं की जुनी तारीख हमखास घुसते.

खरी मेहनत मसुद्यावर. वादळाने बाग पडली तर ७२ तासांत कळवावं लागतं. मुलं याचं ‘तीन दिवसांत’ करतात आणि वाचणारा चौथ्या दिवशी सकाळी निघतो. त्याऐवजी असं लिहायला लावा : ‘सोमवारी संध्याकाळी ५ ला वादळ झालं, तर गुरुवारी संध्याकाळी ५ च्या आत कळवा.’

मग वीस झेरॉक्स काढून गावात वाचून घ्या. ‘समजनं का?’ विचारलं तर सगळे हो म्हणतात. ‘वादळ झालं तर तुम्ही पहिलं काय कराल?’ असं विचारा, उत्तर जसंच्या तसं टिपा. दोघे एकाच ओळीवर अडखळले तर ओळ बदला. सोबत ध्वनिफीत करणार असाल तर चोपड्याकडे अहिराणी चालेल, यावल-रावेरच्या लेवा वस्तीत लेवा गणबोलीच हवी.

पन्नासपैकी वीस गुण मसुद्यांना, वीस वाचकचाचणीला, दहा अंतिम प्रतीला. पत्रक छापण्याजोगं झालं नाही तरी पहिले चाळीस सुरक्षित राहतात. नाहीतर गुणांच्या दडपणाखाली कच्चं पत्रक वाटलं जातं.

प्रश्न : गटात दोघेच राबतात, बाकीचे नावापुरते. काय करावं?

उत्तर : प्रत्येकाला स्वतःचे दोन वाचक द्या आणि त्यांच्या उत्तरांची हस्तलिखित नोंद मागा. तोंडी परीक्षेत त्या नोंदीवरून पत्रकातली एखादी ओळ का बदलली ते विचारा.