अमेरिकेतून परत पाठवलेल्या ब्राझिलियन लोकांचं पुढे काय होतं?

तुम्ही विचारलंय, स्वतःच्याच देशात परत गेले तर एवढं दुःख कसलं, घरीच तर पोचले ना? मी बॉस्टनजवळ फ्रेमिंगहॅमला सहा वर्षं राहिलोय, तिथे ब्राझिलियन इतके की बेकरीच्या पाट्यासुद्धा पोर्तुगीजमध्ये, त्यामुळे जे जवळून बघितलं ते सांगतो.

आमच्याकडे साफसफाईला येणाऱ्या ताई गव्हर्नादोर वालादारेसच्या. मिनास जेराइस राज्यातलं हे शहर, दुसऱ्या महायुद्धात अभ्रकासाठी अमेरिकन तिथे आले आणि तेव्हापासून अमेरिकेला जायची जी वाट पडली ती पडलीच, घरटी कुणीतरी तिकडे असतंच. ताईंचा धाकटा भाऊ रंगकाम करायचा, कामावर जातानाच इमिग्रेशनवाल्यांनी पकडला आणि परत पाठवला. बायको आणि इथेच जन्मलेली मुलगी मागे राहिली. तो घरी पोचला तेव्हा बुटांना लेस नव्हत्या, कोठडीत काढून घेतात म्हणे. आईने आधी शेजारून लेस आणून बुटात ओवल्या आणि मगच त्याला जेवायला वाढलं. हे सांगताना ताई जिन्यातच बसल्या, मला काय बोलावं सुचेना.

आणि प्रवास कसा? २४ जानेवारी २०२५ ला ८८ ब्राझिलियन घेऊन निघालेलं विमान बिघाडामुळे वाटेत ब्राझीलमधल्याच मानाउस शहरात उतरलं, लोक हातकड्या आणि पायात साखळदंड घालून बसलेले, एसी बंद, काही जण तर जीव घुसमटून पंखावर आले. ब्राझीलच्या पोलिसांनी बेड्या काढायला लावल्या आणि पुढे हवाई दलाच्या विमानाने त्यांना मिनासला पोचवलं. नंतरची विमानं ब्राझीलच्या उत्तरेकडच्या फोर्तालेझा शहरात उतरवायला लागले, का तर ब्राझीलवरून जाताना तरी माणसं कमी वेळ बेड्यांत राहावीत. त्याच फेब्रुवारीत अमृतसरला १०४ भारतीय असेच उतरले, त्यात तिघे महाराष्ट्रातले होते, म्हणजे हे काही फार लांबचं नाहीये.

पण मला विचाराल तर खरा त्रास विमानातून उतरल्यावर सुरू होतो. सीमा पार करून देणाऱ्या दलालाचे पैसे घर गहाण ठेवून दिलेले असतात. माणूस परत आला म्हणून कर्ज माफ होत नाही, आणि आता कमाई ब्राझीलच्या चलनात, रेआलमध्ये, देणं मात्र डॉलरमध्ये. ताईंच्या भावाला तिकडे रंगकाम मिळालंय, पण तेवढ्यात हप्ता निघत नाही, म्हणून ताईंनी रविवारचंही एक घर साफसफाईला घेतलंय.