स्टेलियाला ॲम्प घेताना

अरे, हेडफोनचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) घेताना त्याच्या दोन वॅटच्या आकड्याला भुलू नकोस. तुझा फोकल स्टेलिया हेडफोन ३५ ओहमचा, आणि १ मिलिवॅटला १०६ डेसिबल देतो. १० मिलिवॅटला ११६ होतात, तेवढ्यात कान किटतील. ताकद कमी पडणारच नाही. बघायचं ते दुसरंच.

पहिलं, आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे ॲम्पचा स्वतःचा विद्युत अडथळा. हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागापेक्षा कमी हवा, म्हणजे इथं साधारण ४ ओहमच्या आत. १ च्या खाली असेल तर उत्तमच. स्टेलियात डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे कॉइलने हलणारा पडदा आहे; त्याचा इम्पिडन्स प्रत्येक फ्रिक्वेन्सीला सारखा नसतो. ॲम्पचा इम्पिडन्स जास्त असला की बास फुगतो, तबल्याचा डग्गा नुसता घुमत राहतो. प्लेनर, म्हणजे सपाट पातळ पडद्याच्या हेडफोनचं वेगळं: डॅन क्लार्कचा एऑन २ फक्त १३ ओहमचा, पण त्याला करंट भरपूर लागतो. उद्या तो घ्यायचा विचार असेल तर आत्ताच सांग, मग निवड बदलेल.

दुसरं, लो गेन, म्हणजे आवाज कमी वाढवणारी सेटिंग, हवीच. गाणं थांबवून आवाज नेहमीच्या पातळीवर ठेव आणि कान दे. स्टेलियासारख्या क्लोज्ड-बॅक (मागून बंद) हेडफोनमध्ये बाहेरचा यंत्रमागांचा खडखडाट दबतो की, त्यामुळे ॲम्पची बारीकशी सरसरही उघडी पडते. घूं असा आवाज आला तर आधी घरातलं अर्थिंग तपासून घे.

क्लास ए, म्हणजे सतत करंट घेऊन तापत राहणारा ॲम्प, तर मी म्हणेन नकोच. सोलापूरचा मे महिना आणि त्यात टेबलावर शेगडी? पुण्याला ॲम्प ऐकायला जाशील तेव्हा स्वतःचा हेडफोन सोबत ने, त्यावरच ऐक. आणि बॅलन्स्ड, म्हणजे दोन्ही कानांना वेगवेगळा सिग्नल नेणाऱ्या जोडणीसाठी जादा पैसे मोजू नकोस.