थर्माकोल-सिमेंटच्या ब्लॉकचं घर मुंबईच्या उकाड्यात थंड राहतं का? स्वस्त पडतं का?

राहतं, पण छत नीट केलंत तर. आमच्या घरात यावरून अजून भांडण चालू आहे, म्हणून लिहितोय.

गोराई गावठाणातलं जुनं घर पाडून नवं बांधताना आरसीसीच्या सांगाड्यात विटांऐवजी हे ब्लॉक भरायचे, हा हट्ट माझा. टाकाऊ पॅकिंगच्या थर्माकोलचा चुरा सिमेंटमध्ये कालवून केलेले. पहिला टेम्पो आला, गवंड्याने दोन हातांत दोन ब्लॉक उचलले आणि दादा सगळ्यांदेखत म्हणाला, "घर बांधतोयस की गणपतीचं मखर?" 2018 ची थर्माकोलबंदी होऊन गेलेली, त्यामुळे शेजाऱ्यांनाही चेव आला. पालिकेची गाडी भिंत उचलून नेईल म्हणे! (बंदी ताटं-वाट्या आणि मखरांवर होती, भिंतींवर नाही.)

भिंती उभ्या राहिल्या. पश्चिमेच्या भिंतीला दुपारी चारला आतून हात लावलात तर गार. येईल त्याला मी हात लावायला लावायचो. मग पैसे संपत आले आणि दादाने स्लॅबवरचा कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा सिमेंटमधला थर, रद्द केला. मी म्हटलं, ब्रिकबॅट कोबा घाल, वर पांढरं चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांची फरशी), ऊन तरी परतेल. तो म्हणाला, "वॉटरप्रूफिंगचं केमिकल मारू, झालं."

पहिल्याच मे महिन्यात वरच्या खोलीत रात्री अकराला पाठ टेकवेना. उघडा स्लॅब दिवसभर तापतो, रात्री ती धग खाली सोडतो. आणि जी भिंत बाहेरची उष्णता आत घेत नाही, ती आतली बाहेरही सोडत नाही. दादाचा निकाल काय? "बघ तुझं थर्माकोल!" लग्नात, बारशात, सगळीकडे हेच सांगत फिरला. दोन वर्षांनी गुपचूप कोबा घालून घेतला. गळत होतं म्हणे. खोली निवली, त्याबद्दल अवाक्षर नाही.

तेव्हा पंख्यावर राहणार असाल तर पैसा आधी छतावर घाला, मग पश्चिमेच्या भिंतीवर, उरला तर बाकी भिंतींवर. एसी लावणार असाल तर चारही बाजूंना ब्लॉक घाला, वीजबिलात कळतं. घाम मात्र ब्लॉकने थांबत नाही, त्याला समोरासमोर खिडक्याच हव्यात.

स्वस्ताचं म्हणाल तर आम्हाला पडलं नाही. गोराईला माल भाईंदर-उत्तनवरून फिरून येतो, टेम्पोवाला हलक्या मालालाही फेरीचेच पैसे घेतो. गवंड्याचे पहिले चार दिवस हात बसण्यातच गेले.

आणि हो, आमच्या घराचा भार कॉलमवर आहे, ब्लॉकवर नाही. तुमचं तसं नसेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा. थर्माकोल शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे दोन्हीकडून प्लास्टर हवंच आणि वायरी पाइपातूनच. थिनर सांडू देऊ नका, दाणे विरघळतात. जड वस्तू साध्या प्लगवर टांगू नका, आरपार बोल्ट घ्या. आमचा गीझर एकदा प्लगासकट खाली आला होता. दादा तेव्हा घरातच होता.