वाचकांचे प्रश्न : फोटॉनिक चिपवरील विद्युत ढवळाढवळ

प्रश्न : मी नांदेड येथे इलेक्ट्रॉनिक्स विषयात एम.टेक. करतो. प्रकल्पासाठी आम्ही इंडियम फॉस्फाइड या अर्धवाहकावर एक फोटॉनिक चिप (प्रकाशाच्या साहाय्याने काम करणारी चिप) बनवून घेतली. तिच्यावर चार मॉड्युलेटर (विजेच्या सिग्नलनुसार प्रकाश बदलणारे घटक) असून त्यांच्यापासून अर्ध्या मिलिमीटरवर दोन फोटोडायोड (प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारे घटक) आहेत. मॉड्युलेटर चालू केला की त्याचाच सिग्नल फोटोडायोडच्या आउटपुटमध्ये उमटतो. पुढच्या डिझाइनमध्ये हे अंतर दुप्पट करावे, असे आमच्या गटाचे मत आहे. तेवढ्याने भागेल काय?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : केवळ अंतर वाढवून भागेल, असे मला वाटत नाही. हा सिग्नल कोणत्या वाटेने येतो ते आधी शोधावे लागेल, कारण काही वाटा अशा आहेत की त्यांना अंतराशी फारसे देणेघेणे नसते.

प्रथम प्रमाण लक्षात घ्यावे. ५० ओहमच्या टर्मिनेशनवर, म्हणजे सिग्नलच्या मार्गाच्या शेवटी जोडलेल्या रोधावर, २ व्होल्टचा सिग्नल दिला, तर मॉड्युलेटरच्या बाजूला ४० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. फोटोडायोडमधून मिळणारा प्रवाह मात्र पुष्कळदा १० मायक्रोअँपिअरच्या घरातला असतो. त्यामुळे मूळ प्रवाहाचा केवळ हजारावा भाग, म्हणजे ६० डेसिबल खाली गेलेला प्रवाह, शेजारी झिरपला तरी तो ४० मायक्रोअँपिअर भरतो आणि खऱ्या सिग्नलच्या चौपट होतो.

आता तपासणीविषयी. लेझर पूर्ण बंद ठेवून मॉड्युलेटर चालवावा. आउटपुटमधला सिग्नल तसाच राहिला, तर दोष प्रकाशाच्या मार्गात नसून विजेच्या मार्गात आहे. त्यानंतर नेटवर्क अ‍ॅनालायझरवर (निरनिराळ्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल पोचतो ते मोजणाऱ्या उपकरणावर) कमी फ्रिक्वेन्सीपासून वर जात मोजमाप घ्यावे. फ्रिक्वेन्सी दहापट झाल्यावर गळती साधारण २० डेसिबलने वाढत असेल, तर ती कपॅसिटन्समधून किंवा इंडक्टन्समधून येते. ती खालपासून सपाट असेल, तर अर्धवाहकाच्या थरातला किंवा सामाईक ग्राउंडमधला (प्रवाह परत जाण्याच्या जोडणीतला) साधा रोध तपासावा.

माझ्या मते नवशिक्यांच्या डिझाइनमध्ये सर्वांत दुर्लक्षित राहते ती प्रवाहाच्या परतीची वाट. एकाच डीपीवरचा शेजारचा शेतीपंप सुरू झाला की आपल्या घरातला दिवा मंदावतो, हे मराठवाड्यात बहुतेकांनी पाहिलेले असते. त्या पंपाची तार आपल्या तारेला कुठेही चिकटलेली नसते. दोघांचा प्रवाह काही अंतर एकाच वाटेने जातो आणि त्या वाटेवर घटलेला व्होल्टेज दोघांच्याही वाट्याला येतो. चिपवर मॉड्युलेटर आणि फोटोडायोड यांचे ग्राउंड एकाच बाँड-वायरमधून (चिपला बाहेरच्या सर्किटशी जोडणाऱ्या बारीक तारेतून) बाहेर पडत असेल, तर नेमके हेच घडते. अशा तारेचा इंडक्टन्स मिलिमीटरमागे साधारण १ नॅनोहेन्री असतो. म्हणजे १० गिगाहर्ट्झला एक मिलिमीटर तार सुमारे ६३ ओहमचा अडथळा निर्माण करते, जो आपल्या ५० ओहमच्या टर्मिनेशनपेक्षाही अधिक आहे. ती तार सामाईक असेपर्यंत घटक चिपच्या दोन टोकांना नेऊन ठेवले तरी सुधारणा थोडीच होईल.

यावर उपाय असे की फोटोडायोडला परतीची स्वतंत्र वाट द्यावी, ग्राउंडसाठी आखूड व अनेक तारा समांतर जोडाव्यात आणि प्रत्येक सिग्नल-पट्टीच्या दोन्ही बाजूंना ग्राउंडची पट्टी ठेवावी. ही पट्टी ठिकठिकाणी ग्राउंडला पक्की जोडलेली असावी. अधांतरी सोडलेली धातूची पट्टी संरक्षण करण्याऐवजी सिग्नल पुढे वाहून नेते. शक्य असेल तेथे तारांऐवजी फ्लिप-चिप पद्धतीने, म्हणजे चिप उलटी करून थेट बसवून, जोडणी करावी.

दुसरी महत्त्वाची वाट चिपच्या आतली आहे. वरचा पी-थर आणि खालचा एन-थर हे दोन्ही वीज वाहून नेतात. दोन घटकांमधला पी-थर काढून टाकला, पण एन-थर सलग ठेवला, तर वाट निम्मीच बंद होते. म्हणून लोहमिश्रित अर्ध-विद्युतरोधक सब्सट्रेट (चिपचा तळाचा पाया) वापरावा, ज्याची रोधकता एक कोटी ओहम-सेंटिमीटरच्या आसपास असते, आणि घटकांमधली खाच त्या सब्सट्रेटपर्यंत खोल न्यावी. एन-प्रकारचा वाहक सब्सट्रेट घेतला असेल, तर खालून सर्वच घटक एकमेकांना जोडलेले राहतात आणि खाचेचा उपयोग मर्यादित होतो. काही ठिकाणी खाचेऐवजी आयन-रोपण करून, म्हणजे थरात भारित अणू घुसवून, थराची वाहकता घालवतात.

वेफरची (ज्या चकतीवर चिप बनवतात तिची) एक फेरी पूर्ण व्हायला महिने लागतात, त्यामुळे हातातल्या चिपवरच एक स्वस्त प्रयोग करून पाहावा. ग्राउंडच्या बाँड-वायर वाढवून पुन्हा मोजमाप घ्यावे. गळती लक्षणीय घटली, तर दोष परतीच्या वाटेत होता. ती जागेवरच राहिली, तर थरांकडे वळावे. नव्या डिझाइनमध्ये मुख्य रचनेशेजारी दोन छोट्या चाचणी-रचना अवश्य ठेवाव्यात: एक खाचेसह आणि दुसरी खाचेविना, पॅड (तारा जोडण्याच्या जागा) मात्र दोन्हींचे सारखे. त्यामुळे थरातून येणारी गळती वेगळी मोजता येईल.