नक्षी म्हणावी की अलंकार?

वास्तुकला शिकणाऱ्या इंदुरातल्या एका मुलीने विचारलंय: ‘ऑर्नामेंट’ला मराठीत नक्षी म्हणू, अलंकार की सजावट? तिला व्हिएन्नाचे वास्तुकार आडॉल्फ लोस यांच्यावर निबंध लिहायचाय.

लोस यांच्यासाठी बेधडक ‘नक्षी’ लिही. ऑर्नामेंटला गुन्हा ठरवणारं त्यांचं व्याख्यान १९१०चं. त्यांचा राग होता तो कारागिराचे श्रम वाया जाण्यावर, आणि चांगली धडधाकट वस्तू केवळ फॅशन बदलली म्हणून टाकून देण्यावर. मराठीत नक्षी ‘काढतात’. म्हणजे वस्तू आधीच तयार असते, नक्षी नंतर येते. लोस यांना खुपत होतं ते हेच. व्हिएन्नात त्यांनी बांधलेल्या इमारतीच्या खिडक्या इतक्या कोऱ्या होत्या की लोक तिला ‘भुवया नसलेलं घर’ म्हणत.

‘अलंकार’ मात्र जपून वापर. तो संस्कृतातल्या अलम् आणि कृ (करणं) यांतून आलाय. ‘अलम् विस्तरेण’ (विस्तार पुरे) लिहितो त्यातलंच हे अलम्: पुरे, पुरेसं. अलंकार म्हणजे पुरेसं करणं, उणं असेल ते भरून काढणं. त्याला गुन्हा कसं म्हणणार?

‘जुनी इंदूर’ भागातल्या आमच्या आजोळी सज्ज्याखाली पोपट कोरलेले लाकडी हस्त, म्हणजे सज्जा तोलणारे टेकू, होते. पोपटाच्या पाठीवर सज्ज्याची तुळई टेकलेली. पोपट तासला असता तर सज्जाच खाली आला असता! त्याला मी अलंकार म्हणेन. आता काँक्रीटच्या सज्ज्याखाली पीओपीचे हस्त चिकटवतात, ती शोभेची नक्षी. उद्या गळून पडली तरी सज्जा हलायचा नाही.

एक गोष्ट मला फार आवडते: नक्षी आणि नकाशा हे दोन्ही अरबी ‘नक्श’चेच. नक्षी सजवणाऱ्यांची, नकाशा बांधणाऱ्यांचा; भांडणाऱ्या दोन्ही पक्षांचे शब्द एकाच घरातले.

इंदुरातला माणिकबाग राजवाडाही बघून ये. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेला. भिंती साध्या, पण गालिचे, दिवे, खुर्च्या सगळं त्या वास्तूसाठी पारखून आणलेलं होतं. त्याला ‘बिननक्षीचा’ म्हण, ‘निरलंकार’ म्हणू नकोस.

आणि वास्तूच्या ‘फंक्शन’ला ‘प्रयोजन’ लिही. ‘उपयोग’ तोकडा पडतो, आणि नुसतं ‘फंक्शन’ लिहिलंस तर आपल्याकडे लोक मुंज कुणाची ते विचारतील.